फादरना सांगितलं, डॉक्टरांना नाही

ये गो सिसिल, अशी जवळ बस. मी हे कागदावर लिहितेय, पण तू समोर बसली आहेस असंच धरून लिहितेय, म्हणजे मला ओरडता येईल. तीस वर्षं बाजारात माझ्या शेजारी बसलीस, एका बर्फाच्या लादीतून दोघींनी बर्फ फोडला, आणि तुला ताप येतो ही बातमी मला माझ्या सुनेकडून कळावी? आठ दिवस खोकतेस म्हणे. ताप "येतो नि जातो" म्हणे. आणि बसतेस मात्र रोज बाजारात. लाज वाटत नाही तुला? माझाही असाच येतो नि जातो होता. त्यातच मी मरता मरता वाचले.

तू चिडू नकोस. तुझ्या निमित्ताने सगळ्यांनाच सांगते. ज्या कुणाला ताप अंगावर काढायची सवय आहे, त्या सगळ्या तुझ्या मागे येऊन बसा.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. मी वसईच्या पाचूबंदरची, वय अडुसष्ट. मासळी विकून संसार केला. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं वाचणं-लिहिणं मुलाच्या पुस्तकांतून शिकले, म्हणून बोलते तसंच लिहिते. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. घरात मुलगा विल्सन आणि त्याची बायको जेनेट, ती शाळेत शिकवते. बस, एवढीच माणसं.

डबा

आमच्या कपाटावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात गोळ्या. कुणाच्या उरलेल्या, कुणाच्या वाढलेल्या, कुणी मेल्यावर मागे राहिलेल्या. गल्लीत कुणाचं पोट बिघडलं, कुणाची दाढ ठणकली, की माझ्याकडे. मी रंगावरून द्यायची. पांढरी तापाची, पिवळी पोटाची. आणि लाल-काळी कॅप्सूल, ती मोठ्या दुखण्याची. आमच्या यांच्या पायाला साखरेची जखम झाली होती तेव्हा डॉक्टरांनी ढीगभर दिल्या होत्या. हे गेले, कॅप्सूल राहिल्या. त्या टाकायला मन होईना.

जेनेटचं आणि माझं सगळ्यात जास्त भांडण त्या डब्यावरून. ती म्हणायची, "आई, ह्या अशा दोन-दोन खायच्या नसतात. पूर्ण खायच्या नाहीतर अजिबात नाही."

मी म्हणायची, "तू पोरांना शिकव. मी तुझ्या नवऱ्याला ह्याच डब्यावर मोठा केलाय."

सिसिल, तुलाही मी त्यातल्या किती दिल्या असतील. देवाने त्या वेळी तुला सांभाळलं, माझी त्यात काही हुशारी नाही.

पहिला ताप

नारळी पौर्णिमा झाली, होड्या परत समुद्रात गेल्या, आणि नेमकी तेव्हा साथ आली. जेनेटच्या शाळेत अर्धी पोरं खोकत होती. आधी ती पडली, मग मी. घसा असा की थुंकी गिळवेना, अंग असं दुखायचं की कुणीतरी धोपटून काढलंय. सहाव्या दिवशी ताप गेला. डॉक्टर म्हणाले होते, दोन आठवडे आराम. सातव्या दिवशी मी बाजारात. हंगाम नवा, पापलेट चांगलं येत होतं, घरी बसवतंय कुणाला?

पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग एका दुपारी मासे कापता कापता थंडी वाजली. ऊन तापलेलं, आणि माझे दात वाजतायत. तू तुझी चादर माझ्या पाठीवर टाकलीस आणि म्हणालीस, आठवतं का? "सूनबाईनं शाळेतनं परसाद आनलाय तो काय संपत नाय गो तुझा!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. वर म्हणाले, "तिनंच दिलाय, आता तीच काढील." मागे बघितलं तर जेनेट उभी. शाळा सुटल्यावर ती रात्रीची मासळी न्यायला आली होती. तिने पिशवी पुढे केली.

घरी जाऊन मी डबा काढला. लाल-काळी, सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन दिवसांत ताप पळाला. मी कॅप्सूल बंद केली. चार दिवसांनी ताप परत. परत कॅप्सूल. असं तीन वेळा झालं. विचारलं की मी सांगायची, "तोच तो शाळेतला ताप, चिवट आहे." हे मी इतक्यांदा सांगितलं की गल्लीत सगळ्यांनाच ते खरं वाटायला लागलं. जेनेटलासुद्धा.

एकीकडे हातातल्या बांगड्या ढिल्या होऊन कोपरापर्यंत जायला लागल्या. चार पायऱ्या चढले की धाप. नखाखाली बारीक लाल रेघा दिसायला लागल्या, काडी घुसल्यासारख्या. मला वाटलं कोलंबीचा काटा गेला असेल. आपल्या हातांत काय कमी काटे गेलेत?

काळोख्या खोलीत

बंदरावर लिलाव चालू होता. मी घोळ माशाच्या ढिगासाठी बोली लावायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. पुढचं आठवतं ते विल्सनचं तोंड आणि रिक्षाचं छप्पर.

इथल्याच दवाखान्यात ठेवलं. मलेरिया नाही, टायफॉईड नाही, डेंग्यू नाही. विल्सन खूश होत होता, "काही निघत नाही आई." मला मात्र भीती वाटायला लागली. काही निघत नाही म्हणजे जे आहे ते कुणाला माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण आली. तिने छातीवर नळी ठेवली ती उचलेचना. कूस बदलायला लावून परत ऐकलं. माझी बोटं उलटी करून नखं बघितली. मग विचारलं, "आजी, लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता?"

साठ वर्षं मी ते विसरले होते. नऊ वर्षांची असताना गुडघे भोपळ्यासारखे सुजले होते. दोन महिने चालले नव्हते. आईने शेवग्याचा पाला वाटून बांधला, बरं झालं, विषय संपला. डॉक्टरीण म्हणाली, विषय संपला नव्हता. त्या तापाने हृदयाची एक झडप तेव्हाच खराब केली असणार.

मग एका काळोख्या खोलीत नेलं. छातीवर थंडगार जेली लावली आणि समोर टीव्हीसारख्या पडद्यावर माझं हृदय दाखवलं. मी आयुष्यात इतके मासे फाडले, हृदय काय मला नवीन? पण आपलं स्वतःचं उघडमीट करताना बघवत नाही गो. आणि त्या झडपेच्या टोकाला काहीतरी चिकटलेलं. ठोका पडला की ते हलायचं. नांगराच्या दोराला शेवाळ धरतं आणि पाण्यात डोलतं ना, तसं डोलत होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"झडपेवर जंतूंनी घर केलंय," डॉक्टरीण म्हणाली. "रक्तातून आलेत. तो आधीचा फ्लू झाला, अंग अशक्त झालं, तेव्हा त्यांना संधी मिळाली असेल. दाढेतून आले असतील, हातावरच्या एखाद्या जखमेतून आले असतील. नक्की सांगता येत नाही."

मला बाहेर आणून खुर्चीत बसवलं आणि ती विल्सनशी बोलायला आत गेली. दार अर्धं उघडंच राहिलं होतं. मी ऐकलं. "त्याचा तुकडा सुटला तर रक्ताबरोबर मेंदूत जाऊ शकतो. त्यांना मोठ्या हॉस्पिटलात न्या. आजच."

त्या क्षणापासून मी जी घाबरले ती अजून पुरती सावरलेली नाही. बरी झाल्यावर लोक म्हणतात, किती धीराची तू. कसला धीर? मी गाडीत बसताना दोन्ही हातांनी छाती धरून बसले होते, खड्ड्यात गाडी आपटली की ते शेवाळ तुटेल म्हणून. वसईहून बाहेर पडायच्या कामण रस्त्याला तर खड्ड्यांना तोटा नाही, विल्सनने ड्रायव्हरला मुद्दाम दुसरीकडून घ्यायला लावलं.

दही लागत नाही

मोठं हॉस्पिटल मुंबईत. आठ पलंगांची खोली, प्रत्येकीच्या डोक्यावर एक मशीन, आणि दिवसभर कुठल्यातरी मशीनचं टीं टीं. सकाळी रक्त, मग आंघोळ म्हणजे ओलं फडकं, मग डॉक्टरांची फेरी. फेरीत सात-आठ जण, पुढे मोठे डॉक्टर.

शेजारच्या पलंगावर शेवंताबाई, कामणच्या. तिची झडप बदलून धातूची बसवली होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "माझ्याजवळ ये, ऐक." मी कान नेला. तिच्या छातीतून टिक टिक ऐकू येत होतं. ती म्हणाली, "घड्याळ गिळलंय मी. आता घरात कुणी वेळ विचारायची गरज नाही." ती हसली, मी मात्र पलंगाच्या दुसऱ्या कडेला सरकले. माझंही हेच होणार का?

डॉक्टरांनी आधी माझं रक्त तीन वेळा घेतलं, वेगवेगळ्या जागेवरून, आणि बाटल्यांत भरून पाठवलं. त्या छोट्या डॉक्टरांपैकी एकाने मला समजावलं, "आजी, दही लावतो ना आपण, तसं हे रक्त उबेला ठेवतात. त्यात जंतू वाढले की कळतं कुठला आहे. मग त्याला मारणारं औषध द्यायचं." तोवर अंदाजाने औषध सुरू केलं.

एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. दही काही लागेना. बाटल्यांत काहीच उगवलं नाही. आणि ताप रोज दुपारी हजर.

मोठे डॉक्टर पलंगाशी उभे राहिले. "आजी, इथे यायच्या आधी काही अँटिबायोटिक घेतलं होतं का? कुठलीही गोळी, कॅप्सूल?"

पायथ्याशी जेनेट उभी होती.

मी म्हणाले, "नाही."

"नक्की?"

"डॉक्टर, मी कशाला खोटं बोलू?"

आता खरं ऐक, सिसिल. त्या वेळी माझ्या उशीखाली जपमाळेची कापडी पिशवी होती आणि त्यात लाल-काळ्या कॅप्सूल होत्या. लिलावाच्या दिवशी घरातून निघतानाच ती पिशवी माझ्या कमरेला होती. इथल्या दवाखान्यातही खात होते आणि मुंबईतही. नर्स वळली की तोंडात. मला वाटायचं, त्यांचंही औषध आणि माझंही, दोन्हीकडून ओढलं तर जाळं लवकर वर येईल. आणि मुख्य म्हणजे, इतकी वर्षं जिच्याशी डब्यावरून भांडले तिच्यासमोर तोंड उघडवेना. मरायची भीती वाटत होती गो, पण सुनेसमोर हरायची त्याहून जास्त वाटत होती.

तेलाची बाटली

सहाव्या दिवशी विल्सनने फादरना बोलावलं. वसईहून आले बिचारे. मी त्यांना दारात बघितलं, हातात पवित्र तेलाची ती छोटी बाटली.

"फादर, ते तेल परत न्या."

"का हो आजी?"

"मी अजून मेले नाही."

"हे मरणाऱ्यांसाठी नाही, आजाऱ्यांसाठी असतं. बरं वाटावं म्हणून."

"माझ्या सासूला लावलं, दुसऱ्या दिवशी गेली. आमच्या यांना लावलं, संध्याकाळी गेले. कुणाला बरं वाटलं ते दाखवा."

फादरनी स्वतःकडे बोट केलं. "मला. गेल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं त्याच्या आधी लावलं. हा उभा आहे की."

शेवंताबाई पलीकडून म्हणाली, "लावून घे गं बाई. इतक्या लांबून आणलंय. नसेल घ्यायचं तर मला द्या फादर, गुडघ्याला होईल." फादर हसले, मीही हसले, आणि हसता हसता मला रडायला आलं. मी म्हणाले, "आधी पापनिवेदन करते."

पडदा ओढला. जेनेट आणि विल्सन बाहेर गेले. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. सुनेने ताप आणला असं गावभर मीच केलं. कॅप्सूल आधी खाल्ल्या आणि अजून खातेय. डॉक्टरांशी खोटं बोलले. सगळं बाहेर आलं आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मी डोळे मिटून म्हणाले, "आता मोकळी झाले."

डोळे उघडले तर फादरचा चेहरा पांढरा.

"आजी, डॉक्टरांना हे माहीत नाही?"

"नाही. तुम्हाला सांगितलं ना."

"मला सांगून तुमच्या झडपेला काय उपयोग?"

"मग तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

फादर एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मला सांगता येणार नाही. पापनिवेदनात ऐकलेलं मी कुणालाच सांगू शकत नाही. डॉक्टरांना नाही, विल्सनला नाही. तुम्ही मरायला टेकलात तरी नाही. हे तुम्हाला लहानपणी शिकवलंय."

शिकवलं होतं की. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी घोकून घेतलं होतं. साठ वर्षं मी त्याच भरवशावर पापनिवेदन करत आले, की इथे बोललेलं इथेच राहील. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली. मला वाचवेल अशी गोष्ट आता जगात दोन माणसांना माहीत होती, आणि त्यातला एक तोंड उघडू शकत नव्हता.

फादरनी प्रायश्चित्त सांगितलं, तीन वेळा नमो मरियेची प्रार्थना. मग म्हणाले, "बाकीचं तुम्हाला कळतंय." कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावलं. पडदा सरकवून ते बाहेर गेले आणि मला जेनेटचा आवाज आला, "फादर, कशी वाटते आई?" फादर फक्त म्हणाले, "प्रार्थना करा." पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं. ते चष्मा पुसत होते. पुसला, घातला, काढला, परत पुसला. जायला त्यांचं पाऊल निघत नव्हतं.

मला वाटलं, या भल्या माणसाला मी हे आयुष्यभर वागवायला लावणार. मी मेले तर हा माझ्या मातीला उभा राहून मिस्साची प्रार्थना म्हणणार आणि त्याला ठाऊक असणार की म्हातारी कशाने गेली.

चादरीवर

दुसऱ्या दिवशी फेरी आली. मी हात वर केला, शाळेत करतात तसा. "डॉक्टर, थांबा."

पिशवी उलटी केली. जपमाळ पडली आणि तिच्याबरोबर पाच कॅप्सूल. पांढऱ्या चादरीवर त्या फार लाल दिसत होत्या.

"ह्या मी खाते. घरी पण खाल्ल्या. इथे पण."

"इथे आल्यावरसुद्धा?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"काल सकाळपर्यंत."

मला वाटलं आता ओरडतील. ते पलंगावर बसले. "आजी, तुमच्या ह्या कॅप्सूलने जंतू मरत नव्हते, पण बाटलीत उगवण्याइतकेही राहत नव्हते. आम्ही आठवडाभर अंधारात चाचपडतोय." मग त्यांनी विल्सनला सांगितलं, "आता सगळं औषध बंद करू. दोन दिवस थांबू आणि परत रक्त घेऊ."

"सगळं बंद?" विल्सन म्हणाला. "धोका नाही?"

"आहे. चुकीचं औषध देत राहण्यातही आहे."

जेनेट खोलीतून निघून गेली. बऱ्याच वेळाने आली, तोंड धुतलेलं. फणी घेऊन माझे केस विंचरायला बसली. जोरात ओढत होती.

"दुखतंय गो."

"गुंता आहे."

गुंता सोडवता सोडवता ती म्हणाली, "मी शाळेत सगळ्यांना सांगितलं, माझ्यामुळे सासू मरायला टेकली. रोज चर्चमध्ये जाऊन रडले. आणि तुम्ही मला रडू दिलंत."

"हो," मी म्हणाले. "रडू दिलं."

दुसरं काय बोलणार? माफ कर म्हणाले, पण हळू. तिने ऐकलं की नाही ठाऊक नाही. वेणी मात्र घट्ट घालून दिली.

दोन दिवस

ह्या दोन दिवसांबद्दल कुणी विचारलं की मी विषय बदलते. आज सांगते.

औषध बंद. हातात नुसती सुई, तिला नळी नाही. आणि आत ते शेवाळ डोलतंय. मी खोकत नव्हते. खोकला आला की उशीत तोंड खुपसून गिळायचे. कुशीवर वळत नव्हते. शिंक आली तर काय, ह्याची भीती. नर्सने सांगितलं होतं, तोंड वाकडं झालं किंवा हात उचलेना झाला तर लगेच हाक मारा. त्यामुळे मी मिनिटा-मिनिटाला बोटं हलवून बघायचे. मनात घरच्यांची नावं म्हणायचे, बोबडी वळलीय का ते बघायला. आई, बाबा, विल्सन, जेनेट. एकदा तुझं नाव आठवेना, सिसिल. इतकी घाबरले की मशीन ओरडायला लागलं. नर्स धावत आली, "काय झालं?" मी म्हणाले, "माझ्या शेजारी बसते तिचं नाव सापडत नाही." तिने शेवंताबाईकडे बोट केलं. तिला कसं समजावू?

विल्सन येता-जाता म्हणायचा, "आई, हस बघू." तोंड सरळ आहे ना ते बघायला.

"मेल्या, हसण्यासारखं काय आहे इथे?"

"ओरडतेस ना, मग ठीक आहेस."

दुसऱ्या दिवशी दुपारी थंडी भरली आणि पलंग खडखडला. शेवंताबाई स्वतःच्या छातीचे टाके सांभाळत उठली, माझे पाय धरून बसली. "जोरात नको हलूस गं, मी आहे." तिच्या छातीतली टिक टिक मला ऐकू येत होती. आदल्या आठवड्यात जिला घाबरून मी लांब सरकले होते, तिच्याच ठोक्यांवर मी श्वास घेत होते.

त्याच थंडीत रक्त घेतलं. परत बाटल्या, परत वाट बघणं. तिसऱ्या दिवशी सकाळी छोटे डॉक्टर जवळजवळ पळतच आले. "आजी, उगवलं!"

एखाद्या जंतूचं नाव ऐकून एवढा आनंद कुणाला झाला असेल? त्यांनी नाव तीन वेळा सांगितलं, मला एकदाही म्हणता आलं नाही. त्याला लागू पडणारं औषध त्याच तासाला सुरू झालं. पाचव्या दिवशी दुपार आली आणि ताप आला नाही. मी संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

सहा आठवडे

मग सहा आठवडे इंजेक्शनं, दिवसातून चार-चार वेळा. शेवटचे तीन आठवडे इथे वसईत आणून दिली. हाताच्या शिरा लपून बसायच्या. एक नर्स होती, ती सुई लावायच्या आधी गरम पाण्याची पिशवी माझ्या हातावर ठेवून पाच मिनिटं नुसती बसायची. तिला दहा कामं असतील, पण बसायची. विल्सन बंदरावरून थेट यायचा, त्याच्या शर्टाला मासळीचा वास. बाकीच्या बायका नाक धरायच्या, मी म्हणायची, इकडे ये, अजून जवळ ये.

जेनेट माझ्याशी नीट बोलायला लागली ते पाचव्या आठवड्यात. त्यातही पहिलं वाक्य हे होतं, "गल्लीत मी सगळ्यांना खरं सांगितलंय. कॅप्सूलचं." मी म्हटलं, बरं केलंस. मनात वाईट वाटलं. पण तो हक्क तिचा होता, तिने घेतला.

सिसिल, आता तुझं. उद्या बाजारात जाऊ नकोस. डॉक्टरकडे जा, आणि ताप कधीपासून आहे ते खरं सांग. आठ दिवसांत जे जे तोंडात टाकलंस, त्याची पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा. लहानपणी सांधे सुजले होते का ते तुझ्या थोरल्या बहिणीला विचार. डॉक्टरांनी विचारलं आणि सून समोर असली तरी सांग. लाजेने मेलेलं माणूस कुणी शहाणं म्हणत नाही.

मी बरी आहे असं सगळे म्हणतात. जंतू गेले. पण झडप गळते, त्यांनी बरीच कुरतडली. पुढच्या महिन्यात परत त्या काळोख्या खोलीत जायचं आहे. गळती वाढली असेल तर ऑपरेशन, नसेल तर गोळ्यांवर चालेल. मला त्या दिवसाची भीती वाटते. विल्सनला सांगत नाही, तुला सांगते.

आणि दुपारी फार वाटते. विल्सन बंदरावर, जेनेट शाळेत, गल्लीतल्या सगळ्या बोंबील वाळवायला. घर इतकं गप्प होतं की मला माझा ठोका ऐकू येतो. नीट पडतोय की चुकतोय, मी मोजत बसते. आधी लोक यायचे नाहीत, मला वाटलं आराम मिळावा म्हणून. मग कळलं, काही जणी म्हणतात हृदयाचे किडे उडून दुसऱ्याला लागतात. नाही गो लागत. मी डॉक्टरांना दोनदा विचारलंय. तूही त्या परसादाच्या बोलण्याची लाज वाटून येत नसशील, तर सोड ते. हसले मीही होते.

ये. डॉक्टरकडून निघालीस की तशीच इकडे ये, दुपारचीच ये. मला पलंगावरून उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो, मध्ये एकदा खुर्ची धरून थांबावं लागतं. तेव्हा कडी वाजवलीस आणि कुणी आलं नाही, तर झोपली असेल म्हणून परत जाऊ नकोस. हाका मारत राहा. मी येतेय.